दोन मंगळवार

29 ऑगस्ट 2023, मंगळवार. कामकाज संपताना.
छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागू होतात. दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा. पासबुकातला आकडा जागेवर असतो, पण पैसे काढण्याचा हक्क आखडलेला. माझ्या मते अनर्थ याच संध्याकाळी घडला. त्यानंतरचे जवळपास 20 महिने त्याचे पंचनामे होत राहिले.

शहर तेव्हा आधीच होरपळलेले होते. जुलैमध्येच आदर्श नागरी पतसंस्थेचा घोटाळा उघड झाला होता. पतसंस्था आणि बँक यांतला फरक किती महत्त्वाचा, हे शहराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक कंपनीच्या गेटवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवे: बँकेच्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते, पतसंस्थेच्या ठेवीला ते नसते.

नोव्हेंबर 2023. नव्वदावा दिवस.
2021च्या कायदादुरुस्तीपासून विम्याची रक्कम बँक बुडण्याची वाट पाहत नाही. निर्बंध लागल्यापासून पहिल्या 45 दिवसांत बँकेने याद्या द्यायच्या, पुढच्या 45 दिवसांत महामंडळाने तपासून पैसे द्यायचे. मर्यादा 5 लाख. पूर्वी ती 1 लाख होती, फेब्रुवारी 2020मध्ये वाढली. त्याआधीच्या वर्षी निर्बंध लागलेल्या पीएमसी बँकेच्या दारात लोकांनी जो आक्रोश केला, त्यानंतरची ही वाढ आहे.

दरम्यान अजिंठा बँकेतल्या सुमारे 97 कोटींच्या अपहाराच्या आरोपावरून पोलिसांत गुन्हा नोंदला गेला होता. निकाल न्यायालय देईल.

22 एप्रिल 2025, मंगळवार. सकाळ.
वाळूज एमआयडीसीत पहिली पाळी सुरू झालेली. बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर या आसपासच्या वस्त्यांत निवृत्तीची रक्कम म्हणजे आयुष्यभराची एकमेव मोठी रक्कम. समजा, एका कामगाराने ती 8 लाखांची रक्कम एकाच बँकेच्या दोन शाखांत चार-चार लाख अशी ठेवली. दोन्ही सुरक्षित, अशी त्याची समजूत. पण विमा पावतीवर मिळत नाही, माणसावर मिळतो. त्या बँकेच्या सगळ्या शाखांतल्या त्याच्या ठेवी, मुद्दल आणि व्याज मिळून, 5 लाख. वरचे 3 लाख आणि व्याज उघड्यावर. ठेव घेताना काउंटरवर हे कुणी सांगत नाही, याचा मला संताप आहे.

दुपार.
काश्मीरमधल्या पहलगामच्या बैसरन कुरणात दहशतवादी गोळीबार करतात. निरपराध पर्यटक मारले जातात, त्यांत महाराष्ट्रातलेही.

कामकाज संपताना.
पुरेसे भांडवल नाही, कमाईची शक्यता नाही आणि बँक चालू ठेवणे ठेवीदारांच्या हिताचे नाही, असे सांगत रिझर्व्ह बँक अजिंठा बँकेचा परवाना रद्द करते. या क्षणापासून ठेव घेणे नाही, परत करणेही नाही. बँक गुंडाळण्याचा आदेश काढून अवसायक नेमावा, अशी विनंती राज्याच्या सहकार निबंधकांना केली जाते.

रात्र.
टीव्हीवर फक्त काश्मीर, आणि ते योग्यच होते. एका शहरातली बँक संपल्याची बातमी त्या रात्री फार थोड्या घरांत ऐकली गेली असेल.

त्या बातमीत दोन आकडे होते. 91.55 टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र ठरवले होते, आणि 31 मार्चपर्यंत विम्यातून 275.22 कोटी रुपये दिलेही गेले होते. हे थोडे नाही, यंत्रणेने इथे खरोखर माणसे सावरली. पण उरलेले 8.45 टक्के? थकीत कर्जे वसूल करून, मालमत्ता विकून अवसायकाच्या हाती जे येईल, त्यातून आधी विमा महामंडळाची रक्कम फिटते. 5 लाखांवरचा ठेवीदार महामंडळाच्या मागे उभा. अशा ठेवीदारांत सगळे धनाढ्य नसतात, घर विकून आलेली रक्कम वर्षभरासाठी ठेवलेलीही माणसे असतात.

म्हणून मागणी एकच आहे: अवसायकाने दर महिन्याला कोणत्या कर्जदाराकडून किती वसूल झाले, महामंडळाला किती गेले, ठेवीदारांसाठी किती उरले, हे शाखेच्या दारावर मराठीत लावावे.