सार्वजनिक उद्यानातील वास्तूचे नियोजन : भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाचा ऐतिहासिक अभ्यास (डोणगावच्या संदर्भात)

प्रस्तावना :
सार्वजनिक उद्यानात समाजोपयोगी वास्तू उभारताना तिचे प्रयोजन कोणी ठरवावे, पैसा कोठून आणावा आणि पुढील देखभाल कोणी करावी, हे प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातील डोणगावसारख्या गावाला आज जितके लागू पडतात, तितकेच ते दीडशे वर्षांपूर्वी मुंबईलाही लागू पडत होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. या बागेस आज वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे आणि जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यातच आहे. नावाइतकाच महत्त्वाचा दुसरा धागा कापसाचा आहे. प्रस्तुत लेखात या वास्तूच्या नियोजनाचा विचार केला आहे.

प्रयोजन आणि लोकसहभाग :
वास्तूची कल्पना एका गैरसोयीतून पुढे आली. मुंबईच्या कोट भागातील बराकीत एक वस्तुसंग्रह होता. १८५७ च्या उठावाच्या काळात लष्कराला ती जागा हवी झाली आणि संग्रह बाहेर काढला गेला. स्वतःची वास्तू नसलेली संस्था किती असुरक्षित असते, याचा हा धडा होता. १८५८ मध्ये डॉ. जॉर्ज बर्डवूड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट प्रभृतींनी वस्तुसंग्रहालय व उद्यान यांची एकत्रित योजना मांडली. ही एकत्रित मांडणी महत्त्वाची आहे. बागेत फिरावयास आलेल्या सामान्य माणसाने सहज संग्रहालयात यावे आणि देशातील उद्योग, कला व शेतमाल यांची ओळख करून घ्यावी, असे या योजनेचे स्वरूप होते. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. मूळ आराखडा विल्यम ट्रेसी यांचा होता. बाह्यांग पॅलाडियन शैलीचे, तर आत ओतीव लोखंडाचे खांब, सज्जा व नक्षीदार फरशी अशी रचना झाली.

वऱ्हाडचा कापूस आणि रखडलेले बांधकाम :
अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. हिंदी कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. मुंबई बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालात वऱ्हाडचा कापूसही होता. नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्ये व जलंब–खामगाव फाटा १८७० मध्ये सुरू झाला. तत्पूर्वी वऱ्हाडातील कापसाच्या वाहतुकीचा मोठा भार बैलगाडीवरच होता.

मुंबईच्या धनिकांच्या वर्गण्या याच तेजीच्या काळातल्या. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, १ जुलैला शेअर बाजारातील वायद्यांचे व्यवहार फसले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्यात, ३१ जुलै रोजी, नाना शंकरशेट निवर्तले. वर्गणीचा ओघ आटला आणि काम थांबले. पुढे सरकारने ते हाती घेतले व २ मे १८७२ रोजी संग्रहालय खुले झाले. पायाभरणीपासून लोकार्पणापर्यंत साडेनऊ वर्षे लागली. तेजीच्या भरवशावर मोठा आराखडा आखला गेला, पण मंदीचा विचार त्यात नव्हता, असा निष्कर्ष यातून निघतो. या नियोजनातील आणखी एक उणीव नोंदवावी लागेल. पुढाकार घेणारे विद्वान, अधिकारी व व्यापारी होते. ज्या शेतकऱ्याच्या कापसावर ही समृद्धी उभी होती, त्याला वास्तूच्या विचारात स्थान नव्हते.

देखभाल :
इमारत उभी राहिली की काम संपत नाही, हेही येथे दिसते. १ नोव्हेंबर १९७५ रोजी संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. ज्यांनी प्रारंभी कष्ट घेतले त्यांचे नाव वास्तूला लागण्यास लोकार्पणानंतर १०३ वर्षे गेली. दरम्यान इमारतीची रयाही गेली होती. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार होऊन जीर्णोद्धार हाती घेण्यात आला. २००५ मध्ये या कामास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. नियमित देखभाल नसेल तर पुढे त्याच वास्तूवर वेगळा करार, वेगळा निधी आणि अनेक वर्षांचे श्रम खर्ची पडतात, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप :
७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत सामुदायिक मालमत्तेची देखभाल हा २९ वा, म्हणजे शेवटचा विषय आहे. प्रत्यक्षातही तो बहुधा शेवटीच आठवतो. उपरोक्त विवेचनावरून डोणगावसारख्या गावातील उद्यानवास्तूच्या नियोजनासाठी तीन सूत्रे मांडता येतात. एक, वास्तूचे प्रयोजन ग्रामसभेत ठरावे आणि त्या चर्चेत महिला, शेतमजूर व विद्यार्थी यांचा आवाज असावा. दोन, आराखडा टप्प्याटप्प्याने पूर्ण होईल असा असावा, म्हणजे निधी थांबला तरी झालेला भाग वापरता येईल. तीन, देखभालीचा वार्षिक खर्च व जबाबदारी पायाभरणीपूर्वीच निश्चित व्हावी. मुंबईचे बांधकाम बंद पडले तेव्हा ते पुरे करावयास सरकार पुढे आले. गावाच्या वाट्याला असा आधार येईलच असे नाही. म्हणूनच लहान गावाने मोठ्या शहरापेक्षा अधिक काटेकोर नियोजन करणे अगत्याचे ठरते.