नेटफ्लो: वेगाच्या पोटी जन्मलेला हिशोब

ऑफिसची लिंक भरली की पहिला प्रश्न ठरलेला: "कोण खातंय बँडविड्थ?" आम्ही नेटवर्कवाले मग नेटफ्लोचे ग्राफ उघडून बसतो. गंमत म्हणजे, हा नेटफ्लो मुळात हिशोबासाठी जन्मलाच नव्हता!

गोष्ट १९९६ च्या सुमाराची. सिस्कोच्या राउटरला प्रत्येक पॅकेटसाठी रस्ता शोधणं आणि अ‍ॅक्सेस लिस्ट तपासणं जड जात होतं. त्यावर युक्ती निघाली. एका संभाषणाचं पहिलं पॅकेट नीट तपासायचं, कॅशमध्ये नोंद करायची आणि पुढची पॅकेट्स त्या नोंदीवर सोडायची. त्या नोंदीत कोण, कुणाशी, किती बाइट्स हे आपसूकच जमा होत होतं. पुढे राउटरने वेगासाठी दुसरे मार्ग शोधले आणि नेटफ्लो उरला तो फक्त हिशोबापुरता. व्हर्जन ५ मध्ये ४८ बाइटची एक नोंद, एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ३० नोंदी. बस्स, एवढ्यावर सगळं चालायचं.

मग दुसरा वेगवाला आला. २००२ मध्ये जेरी केनेली आणि स्टीव्ह मॅकॅन यांनी रिव्हरबेड काढली. त्यांचा स्टीलहेड नावाचा डबा लिंकच्या दोन्ही टोकांना बसतो. एकदा गेलेला डेटा दोन्हीकडे साठवतो आणि तोच पुन्हा आला की नुसती खूण पाठवतो. वेग मिळाला, पण हिशोब गेला! नेहमीच्या मांडणीत दोन डबे आपापसात स्वतःच्याच आयपीने, ७८०० पोर्टवर बोलतात. WAN कडच्या राउटरला सगळी शाखा म्हणजे एकच संभाषण दिसतं. मूळ पत्ते तसेच ठेवायची सोय आहे, पण बाइट्सचा आकडा आक्रसलेलाच दिसतो.

आणि योगायोग बघा, हाच मॅकॅन टीसीपीडम्पच्या कर्त्यांपैकी एक. पॅकेटच्या आत डोकावायचं साधन ज्याने दिलं, त्याच्याच डब्याने पॅकेट झाकली.

उपाय एकच होता. ज्याने झाकलं, त्यानेच सांगायचं. स्टीलहेड LAN आणि WAN दोन्ही बाजू बघतो, म्हणून फ्लोची निर्यातही तिथूनच करायची. सेटिंग दिसायला क्षुल्लक: कलेक्टरचा आयपी, पोर्ट (बहुधा २०५५), व्हर्जन आणि कुठले इंटरफेस मोजायचे. पण खरी मेख पुढे आहे. मूळ क्लायंट-सर्व्हरचे पत्ते दाखवायचे की डब्यांचे? LAN आणि WAN दोन्ही मोजले आणि कलेक्टरने सरसकट बेरीज केली, तर एकच फाइल दोनदा धरली जाते. शिवाय लांबलेला फ्लो किती वेळाने कळवायचा? सिस्कोच्या राउटरवर हा डिफॉल्ट ३० मिनिटं असतो. म्हणजे अर्ध्या तासाची गर्दी ग्राफवर एका सुळक्यासारखी उभी राहू शकते.

२००४ मध्ये व्हर्जन ९ आरएफसी ३९५४ म्हणून प्रसिद्ध झालं. त्यात नोंदीचा साचाच सोबत पाठवता येतो. त्यावर बेतलेलं आयपीफिक्स २००८ मध्ये प्रमाण ठरलं. २००९ मध्ये रिव्हरबेडने माझू नेटवर्क्स ही फ्लो बघणारी कंपनीच विकत घेतली. झाकणाऱ्याला शेवटी बघणाऱ्याची गरज पडली, नाही का?

२०२१ मध्ये रिव्हरबेडने दिवाळखोरी संरक्षण मागितलं, असो. प्रश्न मात्र तोच राहतो. नवी लिंक घ्यायची की नाही, कुठल्या टीमवर बोट ठेवायचं, हे त्या ग्राफवरून ठरतं. म्हणून ग्राफ बघण्याआधी एकच विचारावं: हे मोजलं कुठे उभं राहून?