कुंकू (चित्रपट)

'कुंकू' हा १९३७ साली प्रदर्शित झालेला, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला प्रभात फिल्म कंपनीचा मराठी चित्रपट आहे. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारित आहे. 'दुनिया न माने' ही त्याची हिंदी आवृत्ती होय.

कथानक

नीरा (शांता आपटे) या पोरक्या मुलीचे लग्न तिचे नातेवाईक पैशाच्या लोभाने काकासाहेब (केशवराव दाते) या वृद्ध, विधुर वकिलाशी लावून देतात. लग्न लागले तरी पत्नीपण स्वीकारणार नाही, असे ठरवून नीरा शय्यासोबत ठामपणे नाकारते. अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला (राजा नेने) ती छडीने झोडपते. काकासाहेबांची विधवा, समाजसेविका मुलगी (शकुंतला परांजपे) तिला आधार देते. अखेरीस आपला अन्याय उमगलेले काकासाहेब, नीराने पुनर्विवाह करावा असे पत्र मागे ठेवून आत्महत्या करतात.

पार्श्वभूमी व वेगळेपण

जरठ-कुमारी विवाह हा विषय नवा नव्हता, गो. ब. देवलांचे 'संगीत शारदा' (१८९९) त्यावरच आहे. मात्र शारदेचे लग्न लागता लागता थांबते, तर 'कुंकू'ची खरी कथा लग्नानंतर सुरू होते. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने (त्याचे 'शारदा कायदा' हे नाव नाटकावरून नव्हे, हरविलास सारडा यांच्यावरून पडले) मुलीचे किमान वय १४ ठरवले. वराच्या कमाल वयाविषयी तो मूक होता. काडीमोडाची रूढी नसलेल्या जातींतील स्त्रीला मुंबई प्रांतात घटस्फोट १९४७ पर्यंत उपलब्ध नव्हता. सासरी जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंपुढे मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये पतीचे घर किंवा सहा महिन्यांची कैद असा पर्याय ठेवला होता व त्यांनी कैदेची तयारी दाखवली होती. नीराचा नकार हा त्याच परंपरेतला; फक्त तो न्यायालयात नव्हे, माजघरात उच्चारलेला आहे. तिचा संताप रडण्यात विरत नाही, हे त्या काळच्या सोशिक नायिकांच्या तुलनेत धाडसाचे होते.

शेवट मात्र तितका निर्भीड नाही. नीराची सुटका तिच्या बंडामुळे नव्हे, पतीच्या मृत्यूमुळे होते.

कलावंत

चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. दृश्यातलेच आवाज वापरले आहेत. संगीत केशवराव भोळे यांचे आहे. शकुंतला परांजपे यांनी पुढे पुण्यात संततिनियमनाचे कार्य केले. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये कराराच्या वादातून प्रभातच्याच फाटकासमोर उपोषण केले.