तळटीप : मोहावरील ‘बांडगूळ’

१. गडचांदूरहून माणिकगडाकडे जाताना मोहाच्या खोडावर दिसलेल्या ज्या वनस्पतीस ग्रंथकर्त्याने ‘बांडगूळ’ म्हणून निकालात काढले आहे, ती वस्तुतः रास्ना (व्हँडा टेसेलाटा) ही आमरी असून, आश्रयवृक्षाच्या रसास ती मुळीच हात लावीत नाही. तिची जाडजूड मुळे रुपेरी, सच्छिद्र वेष्टनाने मढविलेली असतात. पावसाचा शिडकावा होताच ते वेष्टन पाणी शोषून हिरवट दिसू लागते. चंद्रपूरकडील पारा ४५ अंशांवर जाऊन साग निष्पर्ण उभा असतो, तेव्हाही ती आपल्या चिवट, पन्हळी पानांतील संचितावर केवळ तगत नाही, तर चक्क फुलते : पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी रेषांची चौकटजाळी, ओठ निळसर जांभळा. १८२० साली रॉबर्ट ब्राऊनने व्हँडा ही प्रजाती वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी दाखल केली, ती हिच्याच आधारे. राखीव जंगलातून ही ओरबाडून आणणे १९२७ च्या वन अधिनियमान्वये अपराध आहे, आणि आणणारे बहुधा तिला कुंडीतील मातीत पुरून, नेमाने पाणी घालून, मुळे कुजवितात. रोपवाटिकेतील रोप मात्र आंब्याच्या खरबरीत सालीस, सकाळचे कोवळे ऊन व खेळता वारा लाभेल अशा बाजूस, सुतळीने बांधल्यास सहसा दगा देत नाही. — संपादक