जडबुद्धि मुलाचा दांत व भुलीची संमति

रत्नागिरीचें वेड्यांचें इस्पितळ इ. स. १८८६ मध्यें स्थापन झालें. तत्कालीन १८५८ च्या कायद्यानें वेडा व जडबुद्धि यांस एकाच व्याख्येंत घातलें होतें. अशा मुलांच्या उपचारांचा इतिहास शोधतांना म्हणून आम्ही प्रथम कायदा पाहतों.

१८६० च्या दंडसंहितेच्या कलम ३२० नें दांत मोडणें वा निखळविणें ही जबर दुखापत ठरविली. मग मुलाचा किडका दांत उपटणारा वैद्य अपराधी कां नव्हे? उत्तर कलम ८९ मध्यें आहे: बारा वर्षांखालील मूल किंवा विकल मनाचा मनुष्य याच्या हितार्थ, पालकाच्या संमतीनें, सद्भावनेनें केलेलें कृत्य अपराध नव्हे. मात्र मृत्यूचा संभव ठाऊक असेल, तर मृत्यु वा जबर दुखापत टाळणें, अगर भारी रोग वा व्यंग बरें करणें, एवढेंच कारण चालतें.

बोस्टन येथें दंतवैद्य मॉर्टन यानें १८४६ त ईथरची भूल जाहीरपणें दाखविली. १८४७ त क्लोरोफॉर्म आला. वेदना टळली, पण जिवाचा धोका आला, व निवडीचा भार आईबापांवर पडला.

२०२४ पासून अंमलांत असलेल्या न्यायसंहितेच्या कलम २७ मध्यें हीच तरतूद कायम आहे. मुलास काय वाटलें, याची विचारणा तींत नाहीं. तें सांपडलें तर घरगुती पत्रांतच सांपडेल. संग्राहकांनीं सनदांप्रमाणें आजारपणाचीं पत्रेंहि जपावीं, अशी आमची विनंति आहे.