थंडी कुठे साचते : कुकडी, मीना आणि घोड खोऱ्यांतील शीतनोंदींच्या अभ्यासाची प्रस्तावना

पौषातल्या रात्री जुन्नरहून आपटाळ्याच्या रस्त्याने दुचाकीवर जाणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. टेकाडावर असेपर्यंत थंडी सोसवते. रस्ता ओढ्याकडे उतरला की कानशिले बधिर होतात, बोटे ब्रेकवर आखडतात. पूल ओलांडून पुन्हा चढ लागला की हवा ऊबदार वाटू लागते. हे सगळे चार-पाचशे मीटरांच्या आत घडते. मोबाईलवर जुन्नरचा म्हणून त्या रात्रीचा एकच आकडा दिसतो. रस्त्यावरच्या माणसाने मात्र अर्ध्या तासात तीन-चार हिवाळे पाहिलेले असतात. त्या हिवाळ्यांची नोंद कशी घ्यायची आणि का घ्यायची, हा या अभ्यासाचा विषय. त्यात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या शेतकऱ्यासाठी, शिक्षकासाठी आणि विद्यार्थ्यासाठी हे लिहीत आहे.

थंडीच्या नोंदींची परंपरा जगात जुनी आहे आणि तिची सुरुवात शास्त्रज्ञांनी केलेली नाही. जपानमधल्या नागानो प्रांतातले सुवा सरोवर कधी गोठले, हे तिथल्या शिंतो देवस्थानाचे पुजारी १४४३ पासून लिहीत आले आहेत. बर्फ जाड झाले की त्याला तडे जातात आणि तड्याच्या कडेने बर्फाचा बांध उभा राहतो. तो बांध म्हणजे देवाची पायवाट, अशी श्रद्धा. म्हणून तारीख टिपायची. फिनलंड आणि स्वीडनच्या सीमेवरून वाहणाऱ्या तोर्ने नदीचे बर्फ वसंतात कोणत्या दिवशी फुटले, याची नोंद १६९३ मध्ये एका व्यापाऱ्याने सुरू केली. पुजाऱ्याला देवाची काळजी, व्यापाऱ्याला धंद्याची. आज पृथ्वीच्या बदलत्या हवामानाचा अभ्यास करणारे या दोन वह्यांवर विसंबून आहेत. सुवा सरोवर पूर्वी बहुतेक हिवाळ्यांत गोठायचे आणि आता कितीतरी हिवाळे मोकळेच राहते, हे आपण ठामपणे म्हणू शकतो, कारण पिढ्यानपिढ्या कुणीतरी न कंटाळता लिहिले.

समुद्र गोठण्याची रीत मात्र निराळी आहे, आणि ती समजून घेतली की आपल्या खोऱ्यांतली थंडीही कळायला सोपी जाते. गोडे पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. त्याहून गार झालेले पाणी वरच तरंगते, म्हणून तळे वरून लवकर गोठते. समुद्राच्या पाण्यात दर किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते उणे १.८ अंशांच्या आसपास गोठते आणि गोठेपर्यंत जडच होत जाते. वरचे गार झालेले पाणी खाली बुडते, खालचे कोमट पाणी वर येते आणि थंडीला पुन्हा पहिल्यापासून काम करावे लागते. त्यामुळे बर्फ आधी धरते ते उथळ खाडीत, नदीच्या मुखाशी, किनाऱ्याला चिकटून. तिथे पाण्याला खोली कमी आणि बऱ्याचदा मीठही कमी. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातल्या मुरगाव बंदरातून निघाली. ध्रुवीय बर्फाचा अभ्यास आजही आपल्या शेजारच्या गोव्यात घर करून आहे. वास्कोला ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे.

जुन्नर-आंबेगावात समुद्र नाही. पण त्याची सावली आहे. नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहिले की कोकण पायाखाली दिसते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत. सातवाहनांच्या काळी बंदरांवरचा माल याच घाटाने जुन्नरला चढत होता. जानेवारीत कोकण किनाऱ्यालगत समुद्राचे पाणी साधारण २६-२७ अंशांवर असते. त्याच पहाटे घाटमाथ्याच्या पूर्वेला तापमापी एक आकडी होते. पाणी दिवसाची उष्णता खोलवर साठवते आणि रात्रभर पुरवून पुरवून सोडते. काळा दगड आणि कोरडी माती चार बोटांपलीकडे फारसे काही साठवत नाही, आणि जे साठवते ते पहाटेपर्यंत उधळून टाकते. मुंबईकडे पाहा. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली. तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या कुलाब्याचा आजवरचा नीचांक ११.७ आहे. एकाच शहरात समुद्राने एवढा फरक केला, तर सह्याद्रीच्या भिंतीआड असलेल्या आपल्या खोऱ्यांना काय होत असेल? पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश आणि नाशिकला ७ जानेवारी १९४५ ला ०.६ अंश नोंदले गेले. जुन्नर या दोन शहरांच्या मध्ये आहे.

थंडीच्या अशा लाटा येतात कशा, हे थोडक्यात सांगतो. हिमालयावरून पश्चिमी झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागोमाग उत्तरेचे कोरडे वारे महाराष्ट्रापर्यंत उतरतात. आभाळ निरभ्र होते, हवेतली वाफ कमी होते. मग दोन-तीन दिवसांनी वारा पडतो, आणि खरी थंडी त्या शांत रात्री पडते. जमीन आपली उष्णता उघड्या आभाळाकडे सोडत राहते, ढगांची गोधडी नसते, वाफेचा आडोसा नसतो. जमिनीला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि उताराने वाहू लागते.

या वाहण्याकडे मी वाचकाचे लक्ष मुद्दाम वेधतो आहे, कारण सगळा अभ्यास त्यावर उभा आहे. थंड हवा पाण्यासारखी वागते. ती डोंगराच्या सोंडेवरून घळीत येते, घळीतून ओढ्यात, ओढ्यातून मीनेच्या किंवा पुष्पावतीच्या पात्रात. वाटेत बांध, रस्त्याचा भराव, दाट उसाचा फड आडवा आला तर तिथे तुंबते. खोलगट खाचर दिसले की तिथे साचते. पाणी कुठे तुंबते हे पावसाळ्यात पाहून ठेवले, तर हिवाळ्यात थंडी कुठे तुंबेल याचा नकाशा अर्धा तयार झालेला असतो. उतारावर, तळापासून थोड्या उंचीवर, रात्री ऊबेचा एक पट्टा राहतो. शाळेच्या भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. डोंगरउताराच्या मध्यावर वसलेल्या जुन्या वाड्या पाहिल्या की वाटते, पुराबरोबर थंडीचाही विचार त्या जागा निवडणाऱ्यांच्या मनात असावा. हा माझा तर्क आहे. तो तपासता येईल असा आहे, म्हणूनच इथे मांडतो.

नारायणगावच्या परिसरातल्या द्राक्षबागायतदाराला हे सगळे पैशाच्या भाषेत माहीत आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचे घड डिसेंबर-जानेवारीत मणी भरण्याच्या अवस्थेत असतात. पारा दहाच्या खाली राहू लागला की मुळांचे काम मंदावते आणि फुगवण थांबते. पाणी उतरलेल्या मण्यांना पहाटेच्या गारठ्याने तडे जातात. दिवस तापलेला आणि रात्र गोठवणारी असली की हिरव्या थॉमसनच्या मण्यांवर गुलाबी छटा चढते आणि तो माल निर्यातीतून बाद होतो. म्हणून घडांना कागद लावतात, बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, पहाटे पाणी सोडतात. विहिरीचे पाणी बाराही महिने साधारण चोविशी-पंचविशीत असते, त्यामुळे ते सोबत उष्णता आणते. आणि पाणी गोठायची वेळ आलीच, तर गोठणारा प्रत्येक ग्रॅम ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतो. गहू-हरभऱ्याला मात्र हीच थंडी मानवते. एकाच घरात एका रानासाठी थंडी मागायची आणि दुसऱ्यासाठी ती टळावी म्हणायचे, असा आपल्याकडचा हिवाळा असतो.

इथे एक नाव प्रत्येक नवख्या अभ्यासकाला माहीत हवे : एल. ए. रामदास. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. आजही शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात. पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग उभा राहिला तो रामदासांच्या हाताखाली. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा सर्वांत गार आणि वर जावे तसतशी ऊबदार, असे तेव्हाचे शास्त्र सांगत होते. रामदास आणि आत्मनाथन यांनी उघड्या मातीवर वेगवेगळ्या उंचींवर तापमाने घेतली, तेव्हा सर्वांत गार थर जमिनीला चिकटलेला नसून वीतभर ते हातभर उंचीवर सापडला. १९३२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुष्कळांना ती उपकरणांची चूक वाटली. पुढे कित्येक दशकांनी बंगळूरमध्ये रोद्दम नरसिंहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागच्या भौतिकीचा माग काढला, आणि त्यावरचे काम अजून चालू आहे. शेतकऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. कांद्याची पात, बटाट्याची शेंडी, टोमॅटोचे कोवळे रोप नेमके त्याच वीतभर-हातभर उंचीत असते. वेधशाळेची तापमापी मात्र पांढऱ्या झडपांच्या पेटीत, माणसाच्या छातीच्या उंचीला टांगलेली असते. पेटीत चार अंश असताना गवतावर दव गोठलेले दिसते, ते याच कारणाने. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गोठलेल्या दवाची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. खोलगट जागा, कोरडी हवा आणि वाऱ्याविना रात्र हे तिन्ही योग आपल्या खोऱ्यांतही जुळतात.

अभ्यासाची दुसरी शाखा पाण्याची आहे, आणि माझ्या मते तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष झाले आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे : दोन तालुक्यांत इतके मोठे पाणीसाठे आहेत. डिंभ्याच्या पाण्याखाली तर मूळ आंबेगाव गावच गेले. तालुक्याचे नाव राहिले आणि कचेरी घोडेगावी. हे जलाशय म्हणजे आपले छोटे समुद्र. उन्हाळ्यात वर कोमट आणि खाली गार असे त्यांचे थर पडतात. हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन बुडू लागते आणि थर मिसळतात. तळाचे, प्राणवायू कमी झालेले पाणी वर येते. मासेमारी करणाऱ्यांना त्याची झळ आधी लागते. जलाशयाच्या काठच्या शिवारात थंडीची धार बोथट होते का, किती अंतरापर्यंत होते, धरण भरलेले असताना आणि निम्मे असताना त्यात फरक पडतो का, हे प्रश्न एका हिवाळ्यात एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना सोडवता येतील असे आहेत. होडीतून दोरीला तापमापी बांधून दर मीटरला वाचन घ्यायचे, बस.

आता साधनांविषयी. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी आहेत आणि त्यांचे आकडे उपयोगी आहेत. पण एका मंडळात माळही असतो, ओढाही असतो आणि डोंगरही असतो. केंद्र त्यातल्या एकाच जागी असते. मधल्या जागा आपण भरायच्या. त्यासाठी नीचतम तापमापी पुरते. तिच्या नळीतली बारीक कांडी रात्रीच्या सर्वांत खालच्या आकड्यावर अडून राहते आणि सकाळी आपली वाट पाहते. आपल्याकडे हे मला फार मोलाचे वाटते. जुन्नर-आंबेगावात रात्री रानात जाणे म्हणजे बिबट्याच्या वाटेवर जाणे. नोंदीसाठी कुणीही, विशेषतः मुलांनी, अंधारात बाहेर पडू नये. उजाडल्यावर वाचन घ्यावे. तापमापी आणल्यावर आधी ती तपासावी : फ्रीजमधला बर्फ ठेचून थोड्या पाण्यात कालवावा, तापमापी त्यात दहा मिनिटे ठेवावी आणि शून्यापासून किती ढळते ते वहीत लिहावे. तेवढी वजाबाकी पुढे कायम करावी. जागा बदलू नये, उंची बदलू नये, वेळ बदलू नये. राहिलेल्या दिवसाचा आकडा अंदाजाने भरू नये. रकाना रिकामा सोडावा. रिकामा रकाना पुढच्या अभ्यासकाला फसवत नाही, अंदाजाचा आकडा फसवतो.

आकड्याशेजारी चार शब्द हवेत : आभाळ, वारा, दव, धुई. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जुन्या कडाक्याच्या आठवणी वेगळ्या पानावर लिहाव्यात. आठवण म्हणजे मोजणी नव्हे, हे ध्यानात ठेवूनच, पण लिहाव्यात. कोणत्या शिवारात केळी काळवंडली, कोणत्या बांधाखाली दव पांढरे झाले, हे त्यांना वर्षाने नाही तरी एखाद्या लग्नाच्या किंवा दुष्काळाच्या खुणेने आठवते. तापमापी पहिल्यांदा कुठे लावावी ते त्यावरून ठरवता येते.

सुरुवातीला दोन तापमाप्या घ्याव्यात, एक ओढ्याकाठी आणि एक टेकाडावर, दोन्ही जमिनीपासून सारख्या उंचीवर, उत्तरेकडे तोंड करून, सावलीत. डिसेंबरच्या पहिल्या सकाळी पहिले वाचन घ्यावे आणि फेब्रुवारी संपेपर्यंत एकही सकाळ चुकवू नये. वहीच्या पहिल्या पानावर गावाचे नाव, शिवाराचे नाव, ओढ्यापासूनचे अंतर आणि तापमापीची उंची लिहावी, आणि वही भरली की शाळेच्या कपाटात ठेवावी, जिथे पुढच्या वर्षीच्या मुलांना ती सापडेल.