मागच्या अंगणातला मंच

‘मंच’ (munch) हा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की घोटाळा होतो. ‘मंच’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे हारतुरे आणि माइक येतात, नाहीतर वाण्याच्या दुकानातलं त्या नावाचं चॉकलेट. ज्या मंचाची ही कुळकथा आहे, त्याचं नातं चॉकलेटशी लागतं. कुरुमकुरुम चावून खाणं, एवढाच त्याचा अर्थ. व्यासपीठाशी त्याचं उभं वैर, कारण इथे कुणी काहीही करून दाखवायचं नाही, ही पहिली अट.

प्रौढ माणसं राजीखुशीने, आधी बोलून ठरवून, आपल्या नात्यात सत्तेची, कधी वेदनेचीही, देवाणघेवाण करतात. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं. या सगळ्या प्रकाराला ‘किंक’ म्हणतात. अशा मंडळींनी एखाद्या साध्या हॉटेलात, साध्या कपड्यांत जमून खायचं-प्यायचं आणि गप्पा मारून घरी जायचं, म्हणजे मंच.

त्याचं जन्मगाव कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो, साल साधारण 1992. यूझनेटवर, म्हणजे तेव्हाच्या इंटरनेटवरच्या चर्चागटांत, या विषयाच्या चर्चा रंगत. कॉम्प्युटरवाल्यांची वस्ती असलेल्या त्या भागातल्या काही जणांना वाटलं, नुसतं टंकत बसण्यापेक्षा एकमेकांची तोंडं पाहावीत. कर्क्स नावाचं बर्गरचं हॉटेल होतं, त्याच्या मागच्या उघड्या अंगणात गुरुवारी संध्याकाळी बैठक बसू लागली. नाव पडलं ‘बर्गरमंच’. पुढे ही चाल दुसऱ्या गावांत, दुसऱ्या हॉटेलांत गेली, तिथे बर्गर असेलच असं नव्हतं. बर्गर गळाला, मंच उरला.

त्याआधी माणसं एकमेकांना शोधत नव्हती असं नाही. न्यूयॉर्कमध्ये 1971 साली ऑयलेनश्पीगल सोसायटी उभी राहिली. टिल ऑयलेनश्पीगल हा जर्मन लोककथांमधला वल्ली. चढण लागली की हा खूश, कारण पुढे उतार आहे; उतारावर मात्र तोंड पाडून चालणार, कारण पुढे चढण! मानसशास्त्रज्ञ थिओडोर राइक यांनी वेदनेतून सुख घेणाऱ्यांबद्दल लिहिताना त्याचा दाखला दिला होता, तोच संस्थेच्या पाटीवर आला. (संस्थेला नाव द्यावं तर असं.) सॅन फ्रान्सिस्कोत 1974 साली सिंथिया स्लेटर आणि लॅरी ओल्सन यांनी सोसायटी ऑफ जेनस काढली, दोन तोंडांच्या रोमन देवाच्या नावाने. पण संस्था म्हटली की सभासदत्व आलं. नवख्या माणसाला तो उंबरठा उंचच वाटणार.

दुसरी वाट चामडी जाकिटवाल्या समलिंगी पुरुषांच्या बारमधली. तिथे खुणांची भाषा होती. किल्ल्यांचा जुडगा डाव्या कमरेला असेल तर माणूस सूत्रं हातात घेणारा, उजवीकडे असेल तर सोपवणारा. मागच्या खिशातल्या रुमालाचा रंगसुद्धा बोलायचा. ज्याला ही लिपी वाचता येते त्याची सोय, बाकीच्यांनी काय करायचं?

मला मंचाचं महत्त्व जाणवतं ते इथेच. किंकमध्ये एक प्रकार असा आहे की त्याला ना चाबूक लागतो, ना चामडं. त्यात सत्ता गाजवायची ती काळजीच्या रूपाने. रात्री अकराला फोन बाजूला ठेव, जेवण चुकवायचं नाही, आज कामावर काय झालं ते सगळं सांग. एक सज्ञान माणूस दुसऱ्या सज्ञान माणसाला हे हक्क आपखुशीने देतो, कारण दिवसभर निर्णय घेऊन तो थकलेला असतो, किंवा कुणीतरी आपल्यावर असं लक्ष ठेवावं हीच त्याची ओढ असते. इंग्रजीत त्या दुसऱ्याला ‘केअरगिव्हर’ म्हणतात. मराठीत ‘काळजीवाहू’ शब्द सहज सुचतो, पण तो आपल्याकडे सरकारला चिकटला आहे. हरकत नाही, उपमा उलट नेमकी बसते! काळजीवाहू सरकारचे अधिकार मर्यादित असतात, आणि ते मुदतीपुरतेच असतात. या नात्यातही ज्याने अधिकार दिला त्याने ‘पुरे’ म्हटलं की राजवट संपली. ती संपत नसेल, तर त्या नात्याला सरळ जुलूम म्हणावं.

आता असा माणूस बारमध्ये कुठल्या कमरेला काय लटकवणार? त्याच्याकडे दाखवायला खूणच नाही. त्याला बोलावं लागतं. आणि बोलायला लख्ख उजेड, समोर चहा, उठून जायला मोकळी वाट लागते. दोनाचे दहा साक्षीदार असले तर फारच बरं. काळजीचा मुखवटा घालून ताबा मिळवू पाहणारेही असतातच. अशांची कीर्ती टेबलावर लवकर पोचते.

मंचाचे शिष्टाचार यातूनच आले. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. फोटो नाहीत. खरं नाव विचारायचं नाही, आणि बाहेर भेट झाली तर ओळख दाखवायची की नाही हे समोरच्याने ठरवायचं. हा अतिरेक वाटत असेल तर ब्रिटनकडे पाहावं. तिथे ‘स्पॅनर’ खटल्यात 1990 साली आपसांत राजीखुशीने वेदनेचे खेळ खेळलेले सोळा पुरुष दोषी ठरले, आणि 1993 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की अशा प्रसंगी झालेल्या इजेला संमती हा बचाव होऊ शकत नाही. ज्यांना इजा झाली त्यांची तक्रारच नव्हती.

मंचाची चाल पुढे जगभर पसरली. भारतात किंकी कलेक्टिव हा गट संमतीविषयी मोकळेपणाने बोलत आला आहे, आणि मुंबईसारख्या शहरांत मंच भरतात. आपल्याला कट्टा नवा नाही, भिशीही नाही. एखाद्या निमित्ताने जमून भलत्याच विषयावर बोलायची विद्या आपल्या हाडात आहे. कोपऱ्यात दोन टेबलं जोडून बसलेल्या त्या घोळक्याकडे बघून वेटरला ऑफिसची पार्टी वाटली, तर मंच उत्तम जमला असं समजायचं.